तीन नंबरची तार

आमच्या सासूबाईंच्या कोंबड्या एका पहाटे संपल्या.

आचऱ्यात आमचं घर वस्तीच्या जरा कडेला आहे. मागे काजूची बाग, तिच्यापलीकडे माळ. माळावरचे कोल्हे संध्याकाळी ऐकू यायचे, पण खळ्यापर्यंत, म्हणजे मागच्या अंगणापर्यंत, कधी कुणी आला नव्हता. त्या पहाटे एक आला. त्यानं खुराड्याखालची माती उकरली, कुजलेली फळी सरकवली आणि आत शिरला. सासूबाई बॅटरी घेऊन मागच्या दारी पोचल्या तेव्हा तिथं पिसांखेरीज काही नव्हतं.

"गेली सगळी," त्या आत येऊन म्हणाल्या. "एकव नाय उरली."

नंतर त्यांनी चहा ठेवला. रोजच्यासारखाच ठेवला, पण साखर घालायला विसरल्या आणि ते त्यांना आम्ही कुणी सांगितलं नाही.

त्या कोंबड्या बाजारातून आणलेल्या नव्हत्या. सासूबाईंचं माहेर आरोंद्याचं. लग्नानंतर पहिल्यांदा माहेरी जाऊन परत येताना त्यांच्या आईनं एक तलंग कोंबडी आणि एक कोंबडा टोपलीत घालून दिला होता. बोडक्या मानेची जात. मानेवर पीस नाही, तांबडी कातडी उघडी. मी लग्न होऊन गडहिंग्लजहून या घरात आले तेव्हा मला त्या कोंबड्या आजारी वाटल्या होत्या. सासूबाई हसून म्हणाल्या होत्या, "आजारी कसली गो, हवेशीर आसत." तेव्हापासून आजतागायत त्या टोपलीतलाच वंश आमच्या खळ्यात फिरत होता. सासूबाईंची आई गेली, आरोंद्याचं घर भावांनी नवं बांधलं, तिथल्या कोंबड्या कधीच बंद झाल्या. त्या जातीचं म्हणून जे काही राहिलं होतं ते आमच्याकडे होतं, आणि आता तेही कोल्ह्यानं नेलं.

दुपारी भांडी लावताना मला फडताळात अंड्यांची टोपली दिसली. मागच्या आठवड्याभरात गोळा केलेली, कुणाकुणाला द्यायची म्हणून ठेवलेली.

"आई, बाबांचं यंत्र आहे ना वर?"

त्यांनी माझ्याकडे पाहिलं, मग टोपलीकडे. "ता चलता काय अजून?"

ते अंडी उबवायचं यंत्र माझ्या सासऱ्यांनी केलं होतं. सासरे वायरमन. आचऱ्यापासून आजूबाजूच्या कितीतरी गावांतल्या घरांना त्यांनी पहिल्यांदा वीज जोडून दिली आहे. कामातून निवृत्त झाल्यावर हातांना स्वस्थ बसवेना, तेव्हा त्यांनी मासळीचा थर्माकोलचा मोठा खोका घेतला, त्यात दोन बल्ब बसवले, एक बारका पंखा बसवला, समोर एक काच बसवली, एका वाटीत पाणी ठेवायची सोय केली आणि बाहेरच्या बाजूला हाताच्या पंज्यापेक्षाही लहान असं एक कार्ड लावलं. त्यावर लाल आकडे दिसायचे. आतली ऊब कमी झाली की ते कार्ड बल्ब लावायचं, जास्त झाली की विझवायचं. सासरे त्याला थर्मोस्टॅट म्हणत. सासूबाई त्याला मुकादम म्हणत. "सोता काय करना नाय, बसान दुसऱ्यांका कामाक लावता," असं त्यांचं म्हणणं.

यंत्र एकदाच वापरलं गेलं. त्यानंतरच्या श्रावणात सासऱ्यांना अर्धांगाचा झटका आला.

पाय बराचसा सुधारला. काठी घेऊन ते घरभर फिरू लागले. उजवा हात मात्र तसाच राहिला. आणि वाचा. त्यांना सगळं समजायचं, मनात शब्द असायचा, पण तोंडातून भलताच निघायचा. पाणी हवं असलं की ते "चप्पल" म्हणत. चप्पल म्हटल्याचं त्यांना स्वतःलाच ऐकू येई, मग ते कपाळावर हात मारून घेत. कुडाळच्या डॉक्टरीणबाईंनी समजावलं होतं की डोकं शाबूत आहे, शब्दांचं कपाट तेवढं विस्कटलंय, हळूहळू लागेल. पण चुकीचा शब्द बोलण्यापेक्षा न बोललेलं बरं असं त्यांनी ठरवून टाकलं. ज्या माणसाच्या गप्पांसाठी तिन्हीसांजेला चार माणसं पडवीत येऊन बसायची, तो माणूस पडवीत एकटा बसून, मोजत मोजत, व्यायामाचा रबरी चेंडू दाबायला लागला. सासूबाई त्यांच्या वतीनं बोलत. लोक त्यांना विचारायचे, "भाऊ कसे आसत?" आणि उत्तर सासूबाई द्यायच्या, भाऊ समोर बसलेले असताना.

तर ते यंत्र मी माळ्यावरून खाली काढलं, पुसलं, आणि प्लग लावला. लाल आकडे उमटले. बल्ब लागले. सासूबाईंनी अंडी एकेक करून आत ठेवली, आणि प्रत्येक ठेवताना काहीतरी पुटपुटल्या. सासरे पडवीतूनच बघत होते. उठून आले नाहीत.

आठवडाभरानं आम्ही दोघींनी देवघराचं दार लावून, मोबाइलचा टॉर्च अंड्यामागे धरून पाहिलं. पहिल्या अंड्यात काही दिसलं नाही. दुसऱ्यात कोळ्याच्या जाळ्यासारख्या तांबड्या शिरा होत्या आणि मधोमध एक काळा ठिपका. तो ठिपका हलला. सासूबाईंनी माझं मनगट इतकं घट्ट धरलं की बांगडी रुतली.

बहुतेक अंडी तशीच निघाली, शिरा धरलेली. त्या दिवसापासून घरात पुन्हा बोलणं सुरू झालं. मी शाळेतून आले की पायही न धुता आधी आकडे बघायची. मी पहिलीच्या वर्गाला शिकवते. वर्गातल्या पोरांनाही माझ्याकडून रोज अंड्यांची खबर हवी असायची.

आणि मग, पिल्लं बाहेर यायला आठवडाही उरला नसेल, अशा एका रविवारी सकाळी मी अंडी फिरवायला गेले तर कार्ड काळं. आकडा नाही, बल्ब नाही, पंखा नाही. झाकण उघडलं तर आत हात घातल्यावर नेहमी लागायची ती ऊब नव्हती. पौषातली सकाळ. आमच्याकडे घाटासारखी थंडी पडत नाही, पण पहाटे चादर अंगावर ओढून घ्यावी लागते इतका गारवा होता.

"आई! यंत्र बंद पडलंय!"

"करंट गेलो आसतलो."

"फ्रीज चालू आहे, आई."

त्या स्वयंपाकघरातून हात पुसत आल्या. एक अंडं उचलून त्यांनी डोळा मिटून पापणीला लावलं. मी तोपर्यंत कधी असं कुणाला करताना पाहिलं नव्हतं. पापणीला कळतं तेवढं बोटांना कळत नाही, असं त्यांनी नंतर सांगितलं.

"ऊन आसत अजून. वेळ घालव नको. दी हय."

त्यांनी मोठ्या टोपलीत भाताचा तूस भरला, त्यावर सासऱ्यांचा जुना स्वेटर पसरला, त्यात अंडी ठेवली, वरून लुगडं पांघरलं आणि टोपली चुलीशेजारी वायलापाशी नेली. आमच्याकडे गॅस आहे, पण अंघोळीचं पाणी अजून चुलीवर तापतं, आणि चुलीच्या बाजूचा तो वायल दिवसभर कोमट असतो. टोपली फार जवळ नको, फार लांब नको, अशी त्यांनी तीनदा सरकवली. मग तिथंच पाट घेऊन बसल्या.

मी कोल्हापूरला नवऱ्याला फोन लावला. तो तिथं नोकरीला आहे, पंधरवड्यानं येतो.

"अगं, ते कार्ड गेलं असेल. खाऱ्या हवेत टिकत नाही ते. ऑनलाइन मागव, चार-पाच दिवसांत येईल."

"चार-पाच दिवस अंडी काय पदरात घेऊन बसू?"

"मग मालवणात विचार."

मालवणच्या दोन दुकानांत फोन केला. एक उचललाच गेला नाही, दुसरा दुकानदार म्हणाला, असली वस्तू ठेवत नाही, कुडाळहून मागवून बघतो, पण आज रविवार. मी फोन ठेवला आणि वळले तर सासरे काठी टेकत दारात उभे होते.

ते थेट यंत्रापाशी आले आणि काठीनं भिंतीतल्या प्लगवर टकटक केलं. मी बटण बंद करून प्लग काढला. त्यांनी मान हलवली. मग काठीनं टेबलावरच्या माझ्या मोबाइलच्या चार्जरकडे दाखवलं, आणि पुन्हा भिंतीकडे.

"चार्जर इथं लावू?"

मान हलली. मी लावला. मोबाइल चार्ज व्हायला लागला. म्हणजे भिंतीपर्यंत वीज येत होती. ते माझ्याकडे बघून भुवया उडवून हसल्यासारखं करत होते, जणू म्हणत होते, एक झालं.

मग ते म्हणाले, "भात."

मी थांबले. कित्येक आठवड्यांत त्यांनी आपणहून कुणाशी बोललेला हा पहिला शब्द होता.

"भात," ते पुन्हा म्हणाले, आणि लगेच मान जोरात हलवली. "नाय. भात. नाय!"

आतून सासूबाईंचा आवाज आला, "भूक लागली की काय तेंका?"

त्यांनी कपाळावर हात मारला. आता ते वळून पडवीत जाणार, असं मला वाटलं. पण ते गेले नाहीत. डाव्या हातानं त्यांनी कपाटाकडे दाखवलं. तिथं खालच्या खणात त्यांची कामाची पिशवी होती, झटका आल्यापासून कुणी न उघडलेली. मी ती आणून एकेक वस्तू वर काढत गेले. टेस्टर? नाही. पक्कड? नाही. काळी टेप? नाही. तळाशी कापडात गुंडाळलेला मीटर निघाला, काटा असलेला, जुना. त्यांनी तो माझ्या हातातून जवळजवळ ओढून घेतला.

"भात म्हणजे मीटर होय!" मी म्हटलं, आणि आम्ही दोघंही हसलो. त्यांचं हसू एका बाजूला जास्त ओढलं जायचं, पण हसू ते हसूच.

यंत्राच्या कार्डाला वीज थेट भिंतीतून जात नव्हती. मध्ये चार्जरसारखा एक काळा ठोकळा होता. तो वीज बारीक करून कार्डाला द्यायचा. मीटरच्या दोन दांड्या कुठं टेकवायच्या ते त्यांनी काठीच्या टोकानं दाखवलं, मी ठोकळ्याचा प्लग लावून तिथं टेकवल्या. काटा उठून बरोबर जागेवर उभा राहिला. ठोकळाही चांगला होता. म्हणजे बिघाड आणखी पुढं, कार्डात किंवा कार्डापाशी.

प्लग पुन्हा काढून मी कार्ड खोक्यापासून सोडवलं. त्यावर तारा आवळायचे बारीक स्क्रू होते. सासऱ्यांनी चष्मा लावला, वाकले, आणि एका स्क्रूवर नख ठेवलं. मी तो सैल केला तशी तार आपोआप निसटून आली. तिच्या टोकाला हिरवी भुकटी जमली होती. समुद्र आमच्या घरापासून दिसत नाही, पण तो सगळीकडे असतो. कुलपात असतो, सायकलच्या साखळीत असतो, तसा तिथंही पोचला होता. मी तारेचं टोक पॉलिश पेपरनं घासून तांबं चकचकीत केलं, परत आवळलं, प्लग लावला.

लाल उजेड पडला. मी ओरडलेच. सासूबाई पाटावरून धावत आल्या.

पण ते आकडे नव्हते. तीन इंग्रजी एल एकापुढे एक उभे होते. बल्ब लागले नव्हते. कार्ड जागं झालं होतं, पण त्याला ऊब किती आहे ते कळत नव्हतं.

"ह्या काय?" सासूबाईंनी विचारलं. मला माहीत नव्हतं. सासऱ्यांना माहीत होतं, ते त्यांच्या चेहऱ्यावर स्पष्ट दिसत होतं. त्या परत चुलीपाशी गेल्या, कारण अंडी सोडून फार वेळ उभं राहणं त्यांना जमेना.

"लाल," सासरे म्हणाले.

मी प्लग काढला आणि लाल तारेचा स्क्रू सैल करायला घेतला.

"नाय! नाय! लाल!"

"लालच तर धरलीय, बाबा."

"लाल!" त्यांनी काठी टेबलावर आपटली. मीटर उडून खाली पडला. मी दुसरी लाल तार धरली, बल्बकडे जाणारी. त्यावरही "नाय." त्यांचं बोट थरथरत होतं आणि सगळ्या तारा इतक्या जवळजवळ होत्या की ते नेमकं कशावर होतं ते कळत नव्हतं.

"मग नीट सांगा ना!" मी म्हणाले. मोठ्यानं म्हणाले.

ते काठी घेऊन मागच्या दारानं खळ्यात निघून गेले.

मी चुलीपाशी गेले. सासूबाई एका अंड्याची बाजू बदलत होत्या. त्यांनी वर न बघता म्हटलं, "तेंका बोलाक जमना नाय, ता तेंका तुझ्यापरास जास्त कळता गो."

"मला माहीत आहे, आई. मला तार कळत नाहीये म्हणून..."

"मगे जा नि इचार. रागान नको. तुझ्या शाळेतल्या पोरांका इचारतंस तसा इचार."

त्यांनी हे अगदी सहज म्हटलं, पण ते ऐकून मला माझा वर्ग आठवला. पहिलीत दरवर्षी एखादं पोर असतं, ज्याला सातचा आकडा दाखवून "हे किती?" विचारलं तर सांगता येत नाही. पण तेच पोर एकपासून म्हणत येतं आणि सातवर थांबतं. आकड्याचं नाव सापडत नसलं तरी वाट पाठ असते. आणि सासरे चेंडू दाबताना रोज मोजायचे. एक, दोन, तीन, चार, वीसपर्यंत, स्वच्छ. तिथं कधी चप्पल की भात येत नव्हता. ते मी सकाळ-संध्याकाळ ऐकत होते.

मी शाळेच्या पिशवीतून कागदी चिकटपट्टी काढली. यंत्र उचलून खळ्यात नेलं, त्यांच्यासमोर स्टुलावर ठेवलं. ते काजूकडे तोंड करून बसले होते. कार्डाला जोडलेल्या प्रत्येक तारेला एकेक पट्टी गुंडाळली आणि पेननं मोठे आकडे घातले. त्यांनी कधी मान वळवली ते मला कळलं नाही. बघते तर ते पट्ट्यांकडे टक लावून बघत होते.

"बाबा, नाव सांगू नका. मोजा. जिथं बिघाड आहे तिथं थांबा."

त्यांनी ओठ ओले केले.

"एक. दोन. तीन."

आणि थांबले. डोळे मोठे झाले. जसं काही त्यांनी स्वतःच ते पहिल्यांदा ऐकलं.

"परत सांगा?"

"एक, दोन, तीन!" आता आवाज चढला होता. "तीन!"

तीन नंबरची तार लाल नव्हतीच. काळी, बारीक, दोऱ्याएवढी होती. मी तिला मोजलं होतं तेव्हाही तिचा बिघाडाशी काही संबंध असेल असं मनात आलं नव्हतं. ती कार्डापासून निघून खोक्याच्या आत जात होती आणि तिच्या टोकाला तांदळाच्या दाण्याएवढा धातूचा मणी होता. ऊब मोजायचं काम त्या मण्याचं. सासऱ्यांनी डाव्या हाताच्या दोन बोटांत ती तार धरली आणि जपमाळ ओढावी तशी हळूहळू सरकवत नेली. झाकणाच्या कडेपाशी बोटं अडली. रोज झाकण उघडबंद करताना ती तिथं चेमटत गेली होती. वरचं काळं आवरण अखंड दिसत होतं, पण आत तांबं तुटलेलं होतं.

पुढं आम्ही बोललो ते सगळं आकड्यांत. मी हत्यारांची रांग लावली. मोजत ते पकडीवर थांबले, मी पक्कड घेतली. तार कापली, दोन्ही टोकं सोलली. पण आता ती जोडायची कशी? एक माणूस तार धरणार, एक पिळणार, आणि कार्ड तर स्टुलावरून घसरत होतं. तेव्हा सासऱ्यांनी एक केलं. डाव्या हातानं आपला उजवा हात उचलला, जशी एखादी जड वस्तू उचलावी, आणि कार्डाजवळच्या तारेवर आणून ठेवला. त्या हातात जोर नव्हता, पण वजन होतं. तार जागची हलली नाही. मग डाव्या हातानं त्यांनी दुसरं टोक धरलं आणि मी दोन्ही टोकं एकमेकांवर पिळली. आतल्या दोन धाग्यांना वेगवेगळी टेप लावायची, नाहीतर एकमेकांना चिकटून सगळं वाया, हे त्यांनी मला पट्टी दोनदा फाडायला लावून समजावलं.

काम चालू असताना त्या उजव्या हाताचा अंगठा तारेवर जरासा दाबला गेलेला मी पाहिला. त्यांनीही पाहिला. पण आधी तार जोडायची होती.

आत जाऊन प्लग लावला. क्षणभर काहीच नाही. मग लाल आकडे आले, खोलीत होती तेवढी ऊब दाखवणारे. कार्डातून टक असा आवाज झाला आणि दोन्ही बल्ब एकदम लागले. पंखा घुरघुरला.

सासऱ्यांनी काठी वर केली, एखादा पोरगा बॅट उंचावतो तशी.

"इलो तुमचो मुकादम," सासूबाई दारातून म्हणाल्या, आणि पदर डोळ्यांना लावून परत चुलीकडे वळल्या.

आकडा साडेसदतीसवर पोचून स्थिर होईपर्यंत त्यांनी अंडी द्यायला नकार दिला. दुपार टळून गेली तेव्हा टोपली आली. आम्ही पुन्हा देवघर बंद करून एक अंडं टॉर्चवर धरलं. आता आत बहुतेक सगळा काळोख भरला होता, पिल्लू मोठं झालं होतं. काही हललं असं मला वाटलं, सासूबाईंना वाटलं नाही. दुसऱ्यात त्यांना वाटलं, मला नाही. मग त्या म्हणाल्या, "फुरे. बघून वाढणत नाय ती," आणि आम्ही टॉर्च बंद केला.

पुढचे दिवस सासरे पडवी सोडून यंत्राशेजारी बसले. खुर्ची तिकडे नेली, चेंडूही नेला. कुणी आलं की सासूबाई सांगायच्या काय काय झालं, आणि त्यांनी काही चुकीचं सांगितलं की ते "नाय" म्हणून त्यांना थांबवायचे. शेजारचे एक काका, जे हल्ली येईनासे झाले होते, ते यंत्र बघायला म्हणून आले आणि चहा संपल्यावरही बसून राहिले.

ज्या सकाळी पिल्लं आली त्या सकाळी मी शाळेसाठी साडीच्या निऱ्या घालत होते. बाहेरून सासूबाईंची हाक आली, नुसतीच हाक, शब्द नाही. गेले तर खोक्याच्या काचेमागे एका अंड्याला चीर होती आणि तिच्यातून एक चोच आतबाहेर होत होती. चिवचिव इतकी बारीक की पंख्याच्या आवाजात ऐकायला वाकावं लागत होतं. त्या दिवशी मी शाळेत उशिरा पोचले. मुख्याध्यापकांना खरं कारण सांगितलं, तर त्यांनी आधी किती पिल्लं निघाली ते विचारलं.

सगळी अंडी फुटली नाहीत. काही तशीच राहिली, आणि एक पिल्लू अर्ध्यावर थकून गेलं. सासूबाईंनी ते केळीखाली पुरलं. पण निम्म्याहून जास्त बाहेर आली. ओली, वेडीवाकडी, आणि तासाभरात वाळून कापसासारखी. माना मात्र सगळ्यांच्या उघड्या. सासूबाईंनी एकेकाची मान बोटानं चाचपून पाहिली आणि म्हणाल्या, "माझ्या आवशीची आसत."

सासऱ्यांनी त्यातल्या एका पिल्लाकडे बोट करून म्हटलं, "कोंबो."

"पिल्लू म्हणा ओ," सासूबाई म्हणाल्या. "कोंबो मोठो आसता."

"कोंबो," ते ठामपणे म्हणाले. आम्हाला वाटलं, शब्द परत निसटला. ते पिल्लू पुढं खरोखरच कोंबडा निघालं. त्यांनी कशावरून ओळखलं ते त्यांना सांगता आलं नाही, आणि सासूबाई अजून मानत नाहीत की ओळखलं.

चिकटपट्ट्यांची युक्ती घरभर पसरली. मी औषधाच्या डब्यांना आकडे लावले, टीव्हीच्या वाहिन्यांना लावले, न्हाणीघरातल्या वस्तूंना लावले. डॉक्टरीणबाईंना सांगितलं तेव्हा त्या खूश झाल्या. म्हणाल्या, चालू ठेवा, पण आकड्यासोबत वस्तूचं नावही प्रत्येक वेळी मोठ्यानं म्हणा, म्हणजे मोजत मोजत एक दिवस ते नावाशी पोचतील. काही नावांशी ते लवकर पोचले. चहा, काठी, बल्ब. काहींशी अजून पोचले नाहीत. माझ्या नवऱ्याला ते अधूनमधून अजून माझ्या दिराच्या नावानं हाक मारतात, तो ओ देतो.

उन्हाळ्यात आंब्याच्या दिवसांत घरी पाहुणे होते. पंगत मोठी, गडबडीची. सासूबाईंनी बांगड्याचं तिखलं केलं होतं आणि वाढताना सगळ्यांना आग्रह चालला होता. सासऱ्यांनी भातावर तिखलं घेतलं, एक घास खाल्ला, डावा हात ताटावर थांबवला आणि म्हणाले,

"तिकल्यात मीठ नाय."

तीन शब्द, एकामागून एक, सगळे आपापल्या जागी. सासूबाई पळी हातात धरून उभ्या होत्या. एरवी त्यांच्या तिखल्याला कुणी नाव ठेवलेलं त्यांना खपत नाही.

"काय म्हणालात?" त्यांनी विचारलं. "परत बोला."

"मीठ नाय," ते वैतागून म्हणाले. "सांगलंय मां एकदा."

सासूबाई आत गेल्या आणि मिठाचा अख्खा डबा घेऊन आल्या.